इंदुरात धंदे कसे मरतात

गुरुवार

इंदूरला यायचं कारण आत्याचं सहस्रचंद्रदर्शन. कार्यक्रम रविवारी होता, मी गुरुवारीच येऊन धडकले. आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्याला कामाला जुंपतात आणि तीन दिवस आधी आलेल्याला गाव दाखवतात, हा आमच्या घराण्याचा जुना शिरस्ता आहे.

दुसरंही एक कारण होतं. ठाण्याच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. ‘उद्योजकता आणि आर्थिक वाढ’ असं एक प्रकरण अभ्यासक्रमात आहे. मुलं दरवर्षी त्यावर तेच लिहितात. उद्योजक धंदा काढतो, धंद्यातून रोजगार, रोजगारातून उत्पन्न, उत्पन्नातून मागणी, मागणीतून पुन्हा धंदा. बाण काढून वर्तुळ पूर्ण. गुणही मिळतात. मलाच ते वर्तुळ हल्ली पटेनासं झालंय. आणि धंदा बघायचा तर इंदूरसारखं गाव नाही. इथे मराठी माणूससुद्धा नोकरीबरोबर काहीतरी ‘साइडला’ करत असतो.

अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरवलं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, स्कूटर घेऊन उभा होता. घरी जायच्या आधी पोहे खायचे, हा इथला नियम. आत्यासुद्धा दारात ‘काय खाल्लंस’ असं विचारत नाही, ‘कुठले खाल्लेस’ असं विचारते.

आपण पोहे परततो. इथे खाली पातेल्यात पाणी उकळत असतं, वर पोह्यांची परात, आणि त्या वाफेवर ते दुपारपर्यंत मऊ राहतात. गाडीवाल्याने प्लेट भरली, वर बारीक शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू, आणि सगळ्यात शेवटी डब्यात बोटं घालून चिमूटभर जीरावण मसाला, असं मनगट झटकून की प्रत्येक शितावर पडावं. सोबत जिलबी. माणूस एकटाच होता. पैसे घ्यायला त्याने मान वर केली नाही, खोक्यावरच्या क्यूआर कोडकडे हनुवटी केली.

आता हा उद्योजक आहे की नाही? सरकारी हिशेबात आहे. २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या काम करणाऱ्या शंभरांतले ५८.४ जण स्वयंरोजगारातले निघाले. अमेरिकेत हा आकडा दहाच्या आत-बाहेर असतो. नुसत्या डोकी मोजण्याने वाढ होत असती, तर आपण त्यांना केव्हाच मागे टाकलं असतं. नोकरी मिळाली नाही म्हणून गाडी लावली, यात मेहनत आहे, हिंमतही आहे. पण शेजारी दुसरी गाडी लागली की गिऱ्हाईक तेवढंच राहतं आणि दोघांत वाटलं जातं. दरडोई उत्पन्न त्याने हलत नाही.

हे सगळं मी दादाला ऐकवलं. तो म्हणाला, “तू पोहे खा न. थंड होऊन राहिले.”

दादाचा स्वतःचा धंदा नमकीनच्या पाकिटांचा. म्हणजे नमकीन दुसऱ्याचं, पाकीट छापून देणार हा. इंदुरात शेव, चिवडा, मिक्चर करणारे इतके आहेत की त्यांना नुसती पाकिटं पुरवून कितीतरी घरं चालतात. यांतलाच कुणी गाडीवरून कारखान्यात जातो, आणि कारखान्यातून क्वचित फार पुढे. इथलीच प्रताप स्नॅक्स ही कंपनी २००३ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. ‘यलो डायमंड’ची पाच रुपयांची पाकिटं आमच्या ठाण्यातल्या कँटीनमध्येही लटकलेली असतात. तेल-मसाला सगळ्यांचा सारखाच असतो. पाच रुपयांचं पाकीट हजार किलोमीटरवर पोचवूनही त्यात काही सुटावं, हे गणित ज्याला बसतं त्याच्यामुळे आकडे हलतात.

दुपारी आत्याकडे झोप. संध्याकाळी राजवाडा, मग भंवरकुआँला चहा. तिथे सगळा कोचिंग क्लासचा मुलूख. कुल्हडमध्ये चहा देणारी ‘चाय सुट्टा बार’ची साखळी २०१६ साली याच भागातून निघाली. दादाच्या मुलाला असंच काहीतरी काढायचं आहे. काय, ते ठरायचंय.

शुक्रवार

दादाच्या मुलाला घेऊन मालवा मिल चौकात गेले. रिक्षावाले ‘मालवा मिल, मालवा मिल’ ओरडतात. मिल नाही. पुढे परदेशीपुऱ्याकडे जाताना भिंती लागतात, चाळी लागतात, आणि भिंतीपलीकडे माजलेली झाडं.

इंदूरच्या गिरण्यांची गोष्ट कापसापासून सुरू होत नाही, अफूपासून होते. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि शेजारीच इंग्रजांची रेसिडेन्सी. माळव्याची अफू संस्थानांत पिकायची, मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि वाटेत इंग्रज दर पेटीमागे पास-ड्यूटी घ्यायचे. वजनाचा काटा इंदुरात होता. इथले सराफ त्यावर हुंड्या लिहायचे, पुढच्या पिकावर सौदे करायचे, पावसावरसुद्धा पैजा लावायचे. कल्पकता बघितली तर आजच्या कुठल्याही स्टार्टअपला हार जाणारी नाही.

विल्यम बॉमल नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने १९९० साली एका लेखात साधी गोष्ट मांडली: समाजात हिकमती माणसं कमी-जास्त होत नाहीत, ती असतातच. खेळाचे नियम ज्याला बक्षीस देतात तिकडे ती वळतात. कधी ती कारखाना काढतात, कधी दरबारात वशिला लावतात, कधी सरळ लुटतात. इंदूरच्या सराफ्याला हे अगदी लागू पडतं. १९०७ साली इंग्लंड आणि चीन यांच्यात अफू टप्प्याटप्प्याने बंद करायचा करार झाला. पुढच्या पाच-सहा वर्षांत माळव्याचा तो व्यापार बसला. आणि त्याच सुमारास इंदुरात एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. मालवा युनायटेड, १९१५ साली हुकुमचंद, मग कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी. सर हुकुमचंदांचं स्वतःचं नशीब अफू आणि कापसाच्या सौद्यांतून उजळलं होतं. लोक त्यांना ‘कॉटन किंग’ म्हणायचे. त्यांनी कलकत्त्याजवळ ज्यूटची गिरणीसुद्धा काढली. इतवारियातलं काचमंदिर त्यांचंच.

माणसं तीच होती. अफूतला पैसा रोकडा होता, हुंडीत होता, त्यामुळे धंदा मेला तरी तो दुसरीकडे नेता आला.

वाट आधी होळकरांनी करून ठेवली होती, हेही सांगायला हवं. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८६०च्या दशकात सरकारी खर्चाने कापडगिरणी काढली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती, म्हणून यंत्रं खांडव्याहून हत्तींवर लादून आणली, असं इथे सांगतात. मग याच महाराजांनी खांडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने. संस्थानिकाने इंग्रजाला व्याजाने पैसे द्यावेत, ही गोष्ट इंदूरकर अजून मिशीवर ताव देऊन सांगतात. मला त्यातलं व्याज महत्त्वाचं वाटत नाही. रेल्वे आली म्हणून पुढच्या पिढीच्या शेठजींना गिरणी परवडली, नाहीतर हत्ती किती पुरले असते?

आणि मग शेवट. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात थांबली. बाकीच्याही त्याच दशक-दीड दशकात गेल्या. कारणं सगळ्या गिरणगावांची तीच: जुनी यंत्रं, यंत्रमागाचं स्वस्त कापड, वर चढत गेलेलं कर्ज. गिरण्या गेल्या याचं मला फारसं वाटत नाही, त्या कधीतरी जायच्याच होत्या. अंगावर काटा येतो तो नंतरच्या हिशेबाने. शहराच्या मध्यावरची सुमारे ४२ एकर जमीन तीस वर्षं कुलपात. कामगारांची देणी न्यायालयात. २५ डिसेंबर २०२३ला सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला, तो ४,८०० कामगारांसाठी. तोवर त्यांतले कितीतरी जण गेले होते, पैसे वारसांच्या खात्यांत पडले.

कायदा तेव्हा असा होता की मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे आणि ती सहसा मिळत नसे. आजारी कारखाना १९८५च्या कायद्याखाली बीआयएफआर नावाच्या मंडळाकडे जाई. तिथे त्याच्यावर उपचार होत, म्हणजे तारखा पडत. जगवायचंही नाही आणि मरूही द्यायचं नाही. यंत्र, जमीन, खेळतं भांडवल आणि कामगाराचं कसब, सगळं त्या तारखांमध्ये अडकून गंजत पडे. कागदावर ते ‘भांडवल’ असतं. वाढ मात्र शून्य.

आमचे आतोबाही एका गिरणीत टाइमकीपर होते. ती बंद पडली तेव्हा दादा अकरावीत होता. आत्याने पोळ्या लाटायला सुरुवात केली, मग पोळीभाजीचे डबे, मग दिवाळीचा फराळ, मग दोन बायका हाताखाली. दादाचं पहिलं यंत्र तिच्या पैशातून आलं. रात्री जेवताना मी तिला म्हटलं, “आत्या, तू खरी उद्योजिका.”

“कशाची उद्योजिका ग,” ती म्हणाली. “गिरणी बंद पडली म्हणून केलं. चालू असती तर दुपारची झोपले नसते का?”

जेवल्यावर पुन्हा खायला बाहेर पडायचं, हा या गावाचा दुसरा नियम. सराफा. नऊनंतर सोन्या-चांदीची दुकानं शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात. मका किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, तळून मसाला मारलेला गराडू, खोबऱ्याचं पॅटिस, साबुदाण्याची खिचडी, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा तो प्रसिद्ध प्रकार. मी एका ओट्याजवळ उभी राहून शटर पडताना पाहिलं. आतला माणूस काचेचं कपाट झाकतो, गादी गुंडाळतो, कुलूप लावून ओढून बघतो. तो खाली उतरायच्या आत बाहेरच्या पोराने पायरीवर ओलं फडकं फिरवलेलं असतं आणि शेगडी टेकवलेली. दोघं बोलले नाहीत. एकाच चार फूट जागेत दिवसाला एक धंदा मिटतो, रात्री दुसरा उघडतो, मधे दहा मिनिटंसुद्धा वाया जात नाहीत.

रात्रीच्या वर्दळीने सराफांच्या तिजोऱ्यांना आपोआप राखण होते, म्हणून जुन्या लोकांनी हे चालू दिलं असं म्हणतात. हल्ली आगीच्या भीतीने काही सराफ कुरकुरतात. साहजिक आहे.

शनिवार

महेश्वर. दादाला काम होतं, वहिनीची गाडी, वहिनीच चालवत. ती फार छान चालवते आणि फार कमी बोलते, दोन्ही गोष्टी घाटात बऱ्या.

महूला थांबून भीमजन्मभूमीवर गेलो. सकाळचा वेळ, गर्दी नव्हती. बाबासाहेबांचं अर्थशास्त्र आपण वर्गात फार कमी शिकवतो. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. बाकीचे तुकडे जोडायच्या योजना करत होते. ते म्हणाले की दुखणं तुकड्यांत नाही, जमिनीवर बसून राहिलेल्या जादा माणसांत आहे, त्यांना काम देणारे उद्योग काढा, शेती आपोआप सुधारेल. बिनकामाची माणसं म्हणजे खाणारं तोंड असलेलं पडीक भांडवल. कालच्या ४२ एकरांवरून परत तिथेच आले मी. जमीन असो, यंत्र असो की माणूस, जिथे आहे तिथून सुटून उपयोगाच्या जागी गेला पाहिजे.

घाट उतरला की माळवा संपून निमाड सुरू होतो आणि गार वारा एकदम थांबतो. महेश्वरला किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा इतका साधा आहे की आपल्याकडच्या मध्यम देशमुखांचा वाटावा. लाकडी खांब, ओसरी, गादी. १७६७ ते १७९५ इथून राज्य चाललं. खाली घाटाच्या पायऱ्या आणि नर्मदा.

अहिल्याबाई म्हटलं की आपण देवळं आणि घाट सांगतो. मला त्यांची एक वेगळीच गोष्ट आवडते. ती सर जॉन माल्कमने लिहून ठेवली आहे. हा माणूस १८१८नंतर मध्य भारतात अधिकारी होता आणि जुन्या लोकांना विचारून विचारून त्याने माहिती गोळा केली. इंदूरचा देवीचंद नावाचा सधन सावकार निपुत्रिक वारला. बाईंचे सेनापती तुकोजी होळकर तेव्हा इंदूरजवळ तळ देऊन होते. काही जणांनी कान भरले, आणि तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागायचं मनात घेतलं. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिचं ऐकून घेतलं, तिला वस्त्रं देऊन घराची आणि मालमत्तेची मालकीण ठरवलं, आणि तुकोजींना हुकूम पाठवला: इंदुरातून तळ हलवा, माझ्या शहराला जाच करू नका.

त्या काळी वारस नसला की माल सरकारजमा, निदान घसघशीत नजराणा, हे सगळीकडे चालायचं. अशा राज्यात शहाणा सावकार काय करतो? पैसा पुरून ठेवतो, नाहीतर गाव सोडतो. देवीचंदाच्या बायकोला न्याय मिळाला ही बातमी त्या काळच्या पेढ्यांमधून कुठे कुठे गेली असेल! इंदूर खेड्याचं श्रीमंत शहर बाईंच्या काळात झालं, हेही माल्कमच लिहितो. देवळं सगळ्यांनी बांधली, सावकाराच्या मरणानंतर त्याच्या घराला हात न लावण्याचा हुकूम काढणारे किती निघाले?

वाड्यातून उतरून विणकरांच्या वस्तीत गेलो. बाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, ती महेश्वरी. पुढे संस्थानी गिऱ्हाईक आटलं, गिरणीचं कापड आलं, माग बंद पडत गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली आणि विणकरांच्या बायकांना मागावर बसवलं. आता गल्लोगल्ली खटखट चालू असते. एका घरात विणकर बाईने किनार दाखवली. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, आणि काठ असा की दोन्ही बाजूंनी सारखाच. विटा, चटई, नर्मदेची लाट, सगळी नक्षी किल्ल्याच्या दगडावरची. बोटभर काठ विणायला तिला किती वेळ लागतो ते मी पाहत उभी राहिले आणि मग भाव करायची हिंमत झाली नाही. वहिनीला झाली. तिने दोनशे कमी केले.

रविवार

कार्यक्रम. आत्याला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, पंखा बंद करायला लागला, सगळे घामाघूम. जेवण पुरणपोळीचं, पण पंगतीत शेव फिरली. इथे शेव नसली तर जेवण अपुरं समजतात. संध्याकाळी दादाचे मित्र आले आणि मॅच लागली. मी ताटं पुसली. शिरस्ता कितीही जुना असो, रविवारी कुणीच सुटत नाही.

सोमवार

दादाचा कारखाना पालद्याला. शेड छोटी आहे, वास सॉल्व्हंटचा, डोळे चुरचुरतात. पाकिटाची फिल्म छापतात ती सिलिंडरवर. लोखंडी रूळ, त्यावर तांब्याचा थर, तांब्यावर कोरलेली चित्रं, वरून क्रोम. एका रंगाला एक सिलिंडर. मिरचीचा लाल, लोगोचा पिवळा, काळ्या अक्षरांचा वेगळा. एका पाकिटाला सहा-सात लागतात. हात फिरवला तर काहीच लागत नाही, टॉर्च तिरपा धरला की बारीक खड्डे चमकतात आणि उलटी अक्षरं दिसतात.

मागच्या भिंतीला मांडणी, छतापर्यंत सिलिंडर. “हे चालू,” दादा म्हणाला, “आणि हे वारलेले.”

वारलेले चालूंपेक्षा जास्त होते. कुणी चकलीचा ब्रँड काढला आणि सहा महिन्यांत बुडाला, कुणाच्या भावाभावांत फाटलं, कुणी उधारी न चुकवता गावाकडे गेला. तांबं उतरवून, नवा थर चढवून तोच रूळ पुन्हा कोरता येतो, नव्या लोखंडाचे पैसे वाचतात. मग करत का नाही? कारण सिलिंडरचे पैसे गिऱ्हाइकाने भरलेले असतात, माल त्याचा. तो फोन उचलत नाही. दादाला त्याच्याकडून उधारी येणं आहे, त्याला दादाकडून सिलिंडर येणे आहेत, आणि दोघांच्या मधे ती मांडणी.

“तोडून टाक न,” मुलगा म्हणाला.

“आणि उद्या तो आला तर? वकील घेऊन?”

जोसेफ शुम्पीटर या अर्थशास्त्रज्ञाने १९४२ साली ‘सर्जनशील विनाश’ म्हटलं ते हेच. नवा धंदा जुन्याला मारतो आणि त्या मारण्यातून अर्थव्यवस्था पुढे सरकते. मुलं ते पाठ करतात, पण विनाश झाल्यावर सांगाडा कुणी उचलायचा, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळीही नसतं. शुम्पीटरला हे माहीत असणार. हा गृहस्थ आधी ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री होता, मग व्हिएन्नात एका बँकेचा अध्यक्ष झाला, आणि १९२४ साली तिथून गेला तो डोक्यावर कर्ज घेऊन. ते फेडायला वर्षं लागली. उद्योजकतेवरचा सगळ्यात मोठा पंडित धंद्यात आपटलेला होता, हे मी वर्गात नेहमी सांगते. मुलं त्या दिवशी जागी असतात.

चहा आला. दादाने मला विचारलं, आता तो नवा कायदा आहे न, दिवाळखोरीचा? आहे. २०१६चा. आणि त्याचं मोठं उदाहरण याच गावचं आहे. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पूर्वी बरीचशी पडीक असायची, चिखलात काही पेरवत नसे. १९७०च्या दशकापासून तिथे सोयाबीन आलं आणि खरीप उभा राहिला. त्या सोयाबीनवर इंदूरची रुची सोया वाढली, ‘न्यूट्रेला’वाली. पुढे कर्जात बुडाली. डिसेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, २०१९च्या अखेरीस सुमारे ४,३५० कोटींना पतंजलीने घेतली. बँकांनी निम्म्याहून जास्त पाणी सोडलं, त्यावर टीकाही झाली, आणि ती काही अगदीच खोटी नाही. पण दोन वर्षांत मालक बदलला. तेलाची घाणी, गोदामं, शेतकऱ्यांचं गिऱ्हाईक, हे जागच्या जागी राहिलं. त्याच शहरात एका गिरणीला बत्तीस वर्षं लागली होती.

“बत्तीस वर्षांत बाबा गेले,” दादा म्हणाला. त्याच्या वडिलांची गिरणी वेगळी होती, पण इथे सगळे गिरणीवाले एकच गोष्ट सांगतात.

दुपारी त्याला पीथमपूरला एक डिलिव्हरी द्यायची होती, मीही गेले. धार जिल्ह्यात, पण सगळं इंदूरच्या जिवावर आणि इंदूर त्याच्या. १९८०च्या दशकात उजाड माळावर ही औद्योगिक वसाहत बसली आणि पुण्याच्या फिरोदियांनी इथे बरंच काही केलं. बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, आणि कायनेटिक होंडा. ती बटण-स्टार्टची स्कूटर, जिच्यावर आमच्या पिढीतल्या निम्म्या मुली गाडी शिकल्या, ती इथे बनायची. होंडा १९९८ला बाहेर पडली, २००८ साली महिंद्राने कायनेटिकचा दुचाकीचा धंदा घेतला. तोही फार चालला नाही. मग २०१८पासून महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून जावा मोटरसायकली निघायला लागल्या. पाटी पुन्हा पुन्हा बदलली, पण कामगाराला पाना टाकून पोळ्या लाटायला बसावं लागलं नाही. निदान सगळ्यांना नाही.

मी भाच्याला म्हटलं, तुला जे काढायचंय ते काढ, पण बुडालं तर काय करशील ते आधी लिहून ठेव. त्याला हे फार अशुभ वाटलं. त्याने ते त्याच्या आजीला सांगितलं, आणि आजीने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या सोडून त्याच्यावरून ओवाळल्या.

मंगळवार

अवंतिका संध्याकाळची. सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत बेंजो, म्हणजे पावात घातलेलं ऑम्लेट, आत्याने बांधून दिलेला लवंगी शेवेचा डबा, वहिनीने महेश्वरीला फॉल लावून दिलेला. पिशव्या दोन घेऊन आले होते, चार झाल्या.

प्लॅटफॉर्मवर दादा पूर्ण वेळ फोनवर. वसईला एक पाकिटांचा कारखाना मिटतोय, मालकाची मुलं परदेशात, त्यांना यात पडायचं नाही. लॅमिनेशनचं यंत्र काढायचंय. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळेल असं दलाल म्हणतोय.

“तू बोरिवलीलाच उतरून राहिली न? वसई किती लांब?”

मी म्हटलं, मी अर्थशास्त्र शिकवते, मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.

“रूळ गंजलेत का ते तर दिसेल. आणि कागद बघ. बँकेचा बोजा आहे का विचार, आधी तेच विचार. यंत्र मग.”

गाडी हलली तरी तो खिडकीबरोबर चालत होता, दलालाचा नंबर सांगत.